एका लुगड्याचे चार रंग

तिचा हसताना काढलेला एकच फोटो आमच्याकडे आहे. बाकीच्या फोटोंत ती रेशनच्या कार्डावर बसवल्यासारखी ताठ बसलेली दिसते. हा मात्र मला सत्तर भरले तेव्हाचा, शांतीच्या दिवशीचा. जावयानं काढलेला. त्यात तिच्या अंगावर नऊवारी रेशमी लुगडं आहे. ते लुगडं जावयाच्या कॉम्प्युटरवर एका रंगाचं दिसतं, आमच्या टीव्हीवर दुसऱ्या, माझ्या फोनवर तिसऱ्या, आणि स्टुडिओवाल्यानं छापून दिलेल्या कागदावर चौथ्याच. फोटो तोच, बाईही तीच. खरा रंग कोणता हे लुगड्यालाच विचारलं असतं, पण लुगडं आता नाही. ती जाताना तेच नेसून गेली.

मी शिकलेला माणूस नाही. तमिळ शाळेत चौथीपर्यंत गेलो. तिथं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, आणि दोघांनीही नमतं घेतलं नाही. बाळबोध अक्षर वडिलांनी घरीच, पोथीवर बोट ठेवून शिकवलं. आमची माणसं राजांच्या काळात इकडं तंजावरकडं आली आणि कुंभकोणमला राहिली. घराबाहेर तमिळ, घरात ही अशी मराठी. माझी विहीण पुण्याची. ती म्हणते, तुमचं बोलणं ऐकलं की बखर वाचल्यासारखं वाटतं. मी तिला म्हटलं, मग बसून ऐका, पुढची पानं चांगली आहेत.

जन्मभर मी काफीचं दुकान चालवलं. तळ्याच्या बाजूच्या गल्लीत, देवळाला जाणाऱ्या माणसांच्या नाकाला वास लागेल अशा जागी. बी मी स्वतः भाजायचो. ते कोणत्या क्षणी बाहेर काढायचं, हे फक्त रंगावरून. घड्याळ नाही, यंत्राचा काटा नाही. बी फिरताना त्याचा रंग विटेवरून चिंचोक्यावर येतो आणि चिंचोक्याच्या जरा पुढे गेला की हात घालायचा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा देवापेक्षा थोडाच कमी होता. शेवटच्या काही वर्षांत जुनी गिऱ्हाइकं म्हणू लागली होती की काफी पूर्वीसारखी कडक लागत नाही. मी सांगायचो, तुमची जीभ म्हातारी झाली.

आता त्या लुगड्याचं सांगतो.

ती पट्टीश्वरमची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वेणीत रोज कनकांबरम असायचं. तुम्ही त्याला अबोली म्हणता. बाकीच्या बायका मोगरा घालायच्या, हिला वासाचं फूल नको, रंगाचं हवं. एके दिवशी मी तिला म्हटलं की हा रंग तुज शोभतो. मी असं बोलणारा माणूस नाही. एकदा म्हटलं, पुरे झालं, पुन्हा कधी म्हटलं नाही. तिनं मात्र ते ठेवून दिलं होतं. मला सत्तर भरून शांत करायची ठरली, पुन्हा एकदा पाटावर शेजारी बसायचं, पुन्हा मंगळसूत्र बांधायचं, तेव्हा ती स्वतः विणकराकडं गेली. तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर रेशीम विणणाऱ्यांची वस्ती आहे. तिथं बसून तिनं सूत त्या फुलाच्या रंगात रंगवून घेतलं. मला सांगितलं नाही.

त्या सकाळी ते नेसून ती आतून बाहेर आली. वेणीत कनकांबरम, अंगावर ते लुगडं. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कैसी दिसते? कनकांबरासारखी ना?"

मी पाहिलं आणि जे दिसलं ते सांगितलं. "तांब्याच्या हंड्यासारखी."

ती हसली. "तुमच्या डोळ्यांत काफी भरलीये," म्हणाली. जावई कॅमेरा घेऊन बाजूलाच उभा होता. त्यानं ते हसणं धरलं. तो हा फोटो.

गेल्या वर्षी ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती बोलत नव्हती. तिनं आधीच कधीतरी मुलीला सांगून ठेवलं होतं की मी सुवासिनीपणी गेले तर तेच लुगडं नेसवा. मुलगी कपाटाशी जरा थांबली. इतकं चांगलं रेशीम, आईची एवढी एक आठवण. मी म्हटलं, तिनं सांगितलं आहे ना, मग काढ. माझा शब्द तिथं शेवटचा होता आणि मी तो दिला. अजूनही तेच म्हणेन. पण घाटावरून परत आल्यावर मला एकदम आठवलं की त्या रंगाचं आता घरात काहीच उरलं नाही. चोळीसुद्धा तिच्याबरोबर गेली.

त्यानंतर डोळ्याचं प्रकरण. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून ती असताना किती मागे लागली होती. तिनं स्वतःचे दोन्ही डोळे वेळेवर करून घेतले होते. मी म्हणायचो, बी भाजणाऱ्याच्या डोळ्याला सुरी लावतात का. ती गेल्यावर मुलगी पुण्याहून येऊन राहिली. मला उंबरा दिसेना, एकदा पडलो, तेव्हा तिनं माझं काही ऐकलं नाही. उजवा डोळा करून घेतला. पट्टी काढली तर भिंती निळसर पांढऱ्या. मला वाटलं, मी नसताना घराला चुना लावला. मुलीच्या केसांत पांढरे केस दिसले, ते मला कोणी सांगितलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, आता दुसरा. मी म्हटलं, एक पुरे, दोन डोळ्यांनी पाहावं असं काय उरलं आहे. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. दुसरा केला नाही.

वर्ष सरलं. वर्षश्राद्ध झालं. पुण्याला नातवाची मुंज ठरली. आमच्यात कोणतंही मंगलकार्य असलं की त्याआधी घरातल्या सुवासिनीपणी गेलेल्या बायकांना जेवायला बोलावतात. त्याला आम्ही प्रार्थना म्हणतो. माझी आजी, माझी आई, आणि आता ही. देवघराशेजारच्या खोलीत पाट मांडतात. पाटावर नवं नऊवारी लुगडं, सोवळ्यात भिजवून, पिळून, काठीवर वाळवलेलं. त्यावर हळदकुंकू, फुलं, आरसा, फणी. पुढे पान वाढतात. मग सगळे बाहेर येतात आणि दार लोटून घेतात. थोडा वेळ कोणी बोलत नाही. त्या येतात, पाहतात, जेवतात. मग दार उघडून ते लुगडं घरच्या मुलीला नेसायला देतात. तिच्या अंगावर ते त्यांना पोचतं. लुगडं मनासारखं नसलं तर त्या तशाच निघून जातात, असं माझी आई सांगायची.

म्हणून मी ठरवलं की पाटावर तेच लुगडं पाहिजे. तसलं नव्हे, तेच. मी नेसवून पाठवलं ते मी परत विणून घेणार. तिला आत आल्याबरोबर ओळखू आलं पाहिजे.

विणकराला रंग दाखवायचा तर फोटोशिवाय काही नव्हतं. वर्षश्राद्धाच्या वेळी जावयानं तो फोटो त्याच्या कॉम्प्युटरवरून काढून पेनड्राइव्हवर दिला होता. तो मी स्टुडिओत छापायला दिला. कागदावर लुगडं पावसात राहिलेल्या विटेसारखं आलं. स्टुडिओवाला म्हणाला, फाइलच तशी आहे. मग तो पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. तिथं तांब्याचा रंग आला. मी पाहिलं आणि म्हटलं, हां, हेच. हाच हंडा. शेजारच्या पोरानं माझ्या फोनवर घालून दिला, तिथं तांबं जरा पिवळं झालं, तरी ओळख पटण्यासारखं होतं. मी निश्चिंत झालो.

मग प्रार्थनेचा दिवस ठरवायला मुलगी आणि जावई दोन दिवस आले. जावयानं झोपाळ्यावर कॉम्प्युटर उघडला आणि तोच फोटो लावला, आणि मी ओरडलोच. लुगडं पेटल्यासारखं. लाल नाही, पिवळं नाही, गुलाबी म्हणावं तर तेही नाही. डोळ्यांत जाणारा रंग.

मी विचारलं, हे काय केलंत. तो म्हणाला, काही नाही केलं अप्पा, हेच मूळ आहे. मी म्हटलं, आजकाल तुम्ही लोक फोटोत काय काय घालता ते मला ठाऊक आहे, काळ्याला गोरा करता, तर लुगड्याची काय कथा. तो चिडत नाही, हा त्याचा दोष आहे. त्यानं तोच फोटो त्याच कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडला आणि दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. एकीत पेटलेला रंग, दुसरीत माझं तांबं. एकच फोटो. मी खाली वाकून पाहिलं, मागून पाहिलं. मुलगी म्हणाली, "अप्पा, मागे काही नसतं."

जावयानं मग मला समजावलं. फोटोत रंग नसतो, नुसते आकडे असतात. तांबडा एवढा, हिरवा एवढा, निळा एवढा. पण एवढा म्हणजे कोणत्या मापानं, हे सांगणारी एक चिठ्ठी फोटोच्या पोटात असते. त्यानं त्या दिवशी कॅमेऱ्याला मोठं माप लावून ठेवलं होतं, जास्त रंग मावावेत म्हणून, आणि फोटो बाहेर काढतानाही मोठंच माप ठेवलं. या प्रोग्रामनं चिठ्ठी वाचली. त्या दुसऱ्यानं वाचली नाही, सगळे जे लहान माप वापरतात तेच धरलं आणि आकडे त्या मापानं मोजले. तुमचा टीव्ही चिठ्ठी वाचत नाही. स्टुडिओवाल्यानंही वाचली नसणार. म्हणून रंग उतरला.

हे मला लगेच समजलं. माझ्या लहानपणी तांदूळ किलोनं नव्हते मोजत, पडीनं मोजत. पडी म्हणजे मापटं. मद्रासची पडी मोठी, आमच्याकडची लहान. मद्रासचा पाहुणा आचाऱ्याला इतक्या पडी तांदूळ घाला म्हणून सांगून जायचा, आचारी आपल्या पडीनं घालायचा, आणि पंगतीत शेवटची पानं भाताविना राहायची. आकडा बरोबर, पाहुणा खरा, आचारीही खरा. मी जावयाला हे सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, अगदी हेच. हे मी आता ऑफिसात सांगणार.

पण समजणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. मी म्हटलं, तुमचं मापाचं खरं असेल. पण मी त्या दिवशी तिथं उभा होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते तांब्याचं होतं. म्हणजे लहान माप खरं आणि तुमची चिठ्ठी खोटी.

मुलीनं एक युक्ती काढली. फोटोत आईच्या वेणीतही कनकांबरम आहे ना. ती देवळाजवळून एक गजरा घेऊन आली आणि फूल पडद्याजवळ धरलं. चिठ्ठीवाल्या खिडकीत हातातलं फूल आणि फोटोतलं फूल एकच दिसत होतं. दुसऱ्या खिडकीत फोटोतलं फूल कालचं वाटत होतं, सुकलेलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आता बाजारात येतं ते नव्या जातीचं फूल, भडक. तेव्हाचं फूल असं नव्हतं.

"अप्पा, सहा-सात वर्षांत फुलाची जात बदलते?" मुलगी म्हणाली.

"माझी मराठी बदलली का? मग माझे डोळे का बदलतील?" मी म्हटलं. याला काही अर्थ नव्हता, पण मी तेवढ्यावर उठलो.

जावयानं समेट म्हणून तो फोटो लहान मापात बदलून पुन्हा काढून दिला. मोठ्या मापातलं मूठभर सांडतं, म्हणाला, पण आता कुठंही लावा, जवळजवळ सारखाच दिसेल. टीव्हीवर लावला तर तिथंही लुगडं पेटलं. मी म्हटलं, माझा टीव्हीही बिघडवलात. माझा पहिला फोटो मला परत द्या. त्यानं दिला.

तो घेऊन मी विणकराकडं गेलो. टीव्ही उचलून नेता आला असता तर तोच नेला असता. फोन नेला. ज्याच्याकडं ती गेली होती तो म्हातारा आता नाही, त्याचा मुलगा बसतो. मी फोन पुढे केला आणि हा रंग, म्हटलं. त्यानं तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाला, अय्या, मंगलकार्याला असा रंग कोणी सांगत नाही, हा जुन्या भांड्याचा रंग आहे. त्यानं तो फोटो त्याच्या फोनवर मागवून घेतला. त्याचा फोन नवा, महागाचा. त्यावर लुगडं पुन्हा पेटलं. तो म्हणाला, हे कनकांबरम आहे अय्या, आमच्याकडचंच सूत दिसतं. मी म्हटलं, तुझा फोन तुझ्या खिशात ठेव. सूत रंगवून आलं की मी स्वतः येईन आणि माझ्या फोनशी लावून पाहीन.

तसंच केलं. सुताची लडी फोनशेजारी धरून दोनदा परत पाठवली, आणखी उतरव म्हणून. तिसऱ्या वेळी रंग जुळला. मी खूश होऊन घरी आलो. असा रंग कोणाला जमला नसता असं मनात म्हणत आलो.

लुगडं प्रार्थनेच्या आधी दोन दिवस मिळालं. तोवर मुलगी आणि जावई पुन्हा आले होते. आदल्या दिवशी मुलीनं सोवळ्यात ते भिजवलं, पिळलं, आणि मागच्या पडवीत उंच काठीवर वाळत घातलं. शनिवार होता. शनिवारी माझं तेलाचं न्हाण असतं. शिकेकाई लावताना ती उजव्या डोळ्यात गेली, नव्या डोळ्यात. आग झाली. ओला पंचा डोळ्यावर दाबून, मुलीला हाक मारत मी माजघरात आलो. झोपाळ्यावर कॉम्प्युटर उघडा होता. जावई उद्यासाठी तिचा फोटो मोठा करून लावत होता.

मी थांबलो.

समोर तिचं लुगडं होतं. तेच. त्या सकाळचं. तांब्याचा हंडा घासून उन्हात ठेवावा तसं. टीव्हीवर होतं तसं नाही, फोनवर होतं तसंही नाही. ते दोन्ही त्याच्यासारखे होते एवढंच. हे ते स्वतः होतं. आणि त्यात ती, हसत.

"जावईबापू," मी म्हटलं, "माझ्या तांब्याच्या खिडकीत फोटो लावलात?"

"नाही अप्पा. तुम्हाला नको होती तीच खिडकी. चिठ्ठीवाली."

मी पंचा काढला. लुगडं पेटलं. पंचा दाबला. तांबं झालं. पुन्हा काढला, पुन्हा दाबला.  जावई हुशार आहे, त्याला माझ्याआधी कळलं असेल. तो उठला आणि पाणी आणायला म्हणून आत गेला, आणि बराच वेळ आला नाही.

मी देव्हाऱ्यातलं एक कनकांबराचं फूल घेतलं. जुन्या डोळ्यानं पाहिलं तर ते तांब्याचं. नव्या डोळ्यानं पाहिलं तर फुलासारखं फूल. मग पडवीत गेलो. काठीवर मी विणून घेतलेलं लुगडं वाळत होतं. नव्या डोळ्याला ते मला आठवत होतं तसं दिसलं. जुन्या डोळ्याला ते वाळलेल्या केळीच्या पानासारखं दिसलं. म्हणजे जे मी इतक्या हट्टानं करून घेतलं ते त्या सकाळी अंगणात कोणालाच दिसलं नव्हतं. तिलाही नाही आणि मलाही नाही.

पायरीवर बसलो. डोळ्यात शिकेकाई होती, त्यामुळं कोणाला काही सांगावं लागलं नाही.

त्या सकाळी ती माझ्यासमोर उभी होती ती कनकांबरमच्या रंगात. सगळ्या पाहुण्यांना दिसत होतं. भटजींना, आचाऱ्याला, जावयाला, त्याच्या कॅमेऱ्याला दिसत होतं. ज्याच्या एका शब्दासाठी तिनं ते करवून घेतलं त्याच्या डोळ्यांवर इतका पिवळा पडदा चढला होता की त्याला हंडा दिसला. तिनं विचारलं. उत्तर ऐकून ती हसली. तिला ठाऊक होतं. डोळ्यांत काफी भरलीये म्हणाली ती थट्टा नव्हती, तिनं सरळ सांगितलं होतं. आणि काफीचंही तेच. बी मला लवकर काळं दिसायचं, मी लवकर काढायचो. जिभा म्हाताऱ्या नव्हत्या झाल्या.

मुलगी आली, डोळ्यावर पाणी मारलं आणि शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं काठीवरच्या लुगड्याकडं पाहिलं. "अप्पा, उद्या सकाळी दुकानातून दुसरं आणू? कनकांबरी मिळेल. भिजवून वाळेलही."

मी म्हटलं, "मी करवून घेतलं आहे. हेच ठेवायचं."

हट्ट म्हणा. पण दुकानातलं आणून मी पाटावर ठेवलं असतं तर मला ते कोणत्या तोंडानं ठेवलं म्हणून सांगता आलं असतं? मी जे पाहिलं, जसं चुकीचं पाहिलं, ते निदान माझ्या हातचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी एकटाच देवळाकडं गेलो आणि फुलवालीकडं होतं तेवढं सगळं कनकांबरम घेतलं. तिनं विचारलं, घरात लग्न का. मी हो म्हटलं. पाटावर लुगडं ठेवल्यावर मी त्या सगळ्या माळा त्यावर पसरल्या, काठ तेवढा दिसत राहिला. भटजी म्हणाले, इतकी फुलं नसतात. मी म्हटलं, आमच्यात असतात.  मुलीनं एक माळ सरकवून उरलेली जागाही झाकली.

दार लोटलं. आम्ही बाहेर उभे राहिलो. आत वाढलेल्या पानाचा, आंबट वरणाचा वास येत होता. मी डोळे मिटून घेतले, दोन्ही. मला माझी आई आठवायला हवी होती, आजी आठवायला हवी होती. मला एवढंच दिसत होतं की ती आत आली आहे, फुलं बाजूला करून लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून पाहते आहे. तिथंही हंडाच पाठवलात, म्हणते आहे. हसते आहे की नाही ते दिसेना.

भटजींनी दार उघडायला सांगितलं. मुलीनं लुगडं उचललं आणि आत जाऊन नेसून आली. तिला नऊवारीची सवय नाही, कासोटा जरा सैल होता. चेहरा आईचा. मला नमस्कार करायला ती वाकली, उठली, आणि दोन्ही हातांनी निऱ्या सारख्या करत, सहज, काही मनात नसताना म्हणाली, "बघा ना अप्पा, कैसी दिसते?"

सगळे तिथंच होते. भटजी, जावई, शेजारच्या बायका. तिच्या अंगावर जुन्या भांड्याचा रंग होता. विणकराचा मुलगा खोटं बोलला नव्हता.

"कनकांबरासारखी," मी म्हटलं.

शेजारची बाई हसली. मुलीनं खाली लुगड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. ती त्या सकाळी तिथंच होती, तिनं आईचा प्रश्न ऐकला होता आणि माझं उत्तरही.

"आता बरोबर सांगितलंत," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मुंज चांगली झाली. ते लुगडं पुण्याला आहे, मुलीच्या कपाटात. जावयानं चिठ्ठीवाला फोटो चांगल्या ठिकाणी छापून, काच लावून पाठवला. तो मी झोपाळ्यासमोर टांगला आहे. छापणाऱ्यानं चिठ्ठी वाचलेली दिसते. वेणीतलं फूल फुलासारखं आहे.

मुलगी दर आठवड्याला फोन करते आणि दुसऱ्या डोळ्याचं विचारते. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर अवघड जाईल. मी सांगतो, दिवाळीनंतर. ती विचारते, कोणती दिवाळी, अप्पा? मी म्हणतो, येईल ती.

तिला खरं कारण मी सांगितलेलं नाही. दुपारी जेवण झालं की मी झोपाळ्यावर बसतो. आधी उजव्या डोळ्यानं तिला पाहतो, ती होती तशी. मग तो हातानं झाकतो आणि डाव्यानं पाहतो, मला दिसली होती तशी. डावा डोळा करून घेतला तर ती दुसरी बाई, जिला मी हंडा म्हटलं आणि जी हसली, मला पुन्हा कुठंच दिसणार नाही.